इवलीशी बाही

म्हसाच्या जत्रेतून राहीनं लाल लोकर आणली आणि ती दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून विणायला शिकली. आयुष्यातला पहिला स्वेटर, तोही पोटातल्या बाळासाठी!

"पोर जन्माला यायच्या आधी त्याला नवा कपडा करत नाय गो," सासू म्हणाली.

"थंडी त्याच्यासाठी थांबनार हाय का, आत्याबाई?" राही हसली.

आज दुसरी बाही संपली. शेवटचा टाका बंद करताना ती आनंदानं गुणगुणत होती. पोटात बाळही सारखं लाथा मारत होतं.

बाही पुरेल ना, हे बघायला तिनं आत बोट घातलं.

आतून कुणीतरी ते घट्ट धरलं. इवल्याशा, उबदार मुठीत.

राही खुदकन हसली. "आत्याबाई, बघा, बरोब्बर बसली!"

मग तिच्या ध्यानात आलं, पोटातल्या लाथा थांबल्या होत्या.