ओठावरचा फोड

ओठावरचा फोड सारखा उठतो म्हणून तिनं रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्टमध्ये ‘हर्पीज’ आलं. डॉक्टरबाईंनी तो वाचून चष्मा काढला.

“लहानपणीही उठायचा का असा?”

“दर परीक्षेला.”

“आणि आईला?”

“तिलाही. ताप आला की.”

“मग झालं तर! आईनं पापा घेतला असेल, नाहीतर उष्ट्या पेल्यातून आला असेल. हा प्रकार असाच घरोघर पसरतो आणि एकदा आला की जन्मभर मुक्काम ठोकतो. माझ्यातही असेल, बाहेर बसलेल्या निम्म्या लोकांतही. हर्पीज म्हटलं की लोकांना लैंगिक आजारच आठवतो; उगाच भलतासलता अर्थ काढू नका.”

तिनं मान हलवली.

“मिस्टरांना दाखवलात रिपोर्ट?”

“काल. चहा घेताना.”

“घाबरले असतील बिचारे. त्यांचा यात काडीचाही संबंध नाही म्हणून सांगा.”

“सांगते,” ती रिपोर्टची घडी घालत म्हणाली. “पण काल वाचल्यावाचल्या ते माझे हात धरून म्हणाले, ‘वर्षभरच चाललं गं ते. आता तिची बदलीसुद्धा झाली.’”