वाटीभर जास्तीचं तेल

ही २०१८ सालच्या खंडेनवमीची गोष्ट. बाळाबाईंचे नवरे केरबा यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मोटारसायकलच्या एअर फिल्टरमध्ये तेल येत होतं. आज ते थांबलं नाही तर गाडी भंगारात घालणार, असं ऋतुराजने आईला बजावलं होतं. म्हणून बाळाबाई स्वतःच शिवाजी पेठेत तोहिदच्या गॅरेजात येऊन बसल्या.

"मावशी, इंजनात तेल जास्त घातलंय कुणीतरी. जास्तीचं फिल्टरात चढतंय."

"कोण घालणार रं? खंडेनवमीला वाटीभर जास्तीचं घालायची खोड ह्यांची. म्हणायचे, सणाला तिला बी पोटभर खाऊ दे की!"

तोहिदने सगळं तेल काढलं, मापून एक लिटर नवं भरलं, फिल्टर पुसून कोरडा केला. इंजिन चालू ठेवून दोघांनी तिथंच चहा घेतला. गाडीला कुणी हात लावला नाही.

फिल्टर पुन्हा निथळत होता.

तोहिदने इंजिन बंद करून खालचा बोल्ट सोडला. एक लिटर तेल आलं. दोन आलं. मधासारखं स्वच्छ तेल येतच राहिलं. तोहिदने हळूच पायातल्या चपला काढल्या.

तो आता हातकणंगल्यात गॅरेज चालवतो. बाळाबाई गेल्या वर्षी गेल्या. गाडी ऋतुराजकडेच आहे. त्याने आजवर तेलाचा एक डबाही विकत घेतलेला नाही.