आधी खरोट्यांचं म्हणणं

"भांडायचं तर सरळ भांडा. ही परीक्षा कसली?" बायकोनं चहा ठेवत विचारलं.

नीळकंठराव संगणकापुढे अडले होते. गावातले वाद बोलून सुटावेत म्हणून एका संस्थेनं काढलेल्या संकेतस्थळाचा नियमच होता: आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, त्याला ते पटलं तरच आपलं लिहायचं.

वाचनालयाच्या दारातली बकुळ तोडून पायऱ्यांऐवजी उतार करावा, असं शेजारचे खरोटे म्हणत. 'त्यांना झाडाची कदर नाही,' हे नीळकंठरावांनी लिहिलेलं खरोट्यांनी नाकारलं. तेव्हा नीळकंठरावांना आठवलं, व्हीलचेअर आल्यापासून खरोटेवहिनी वाचनालयात दिसल्या नव्हत्या. त्यांनी खोडून लिहिलं, 'खरोट्यांना बायकोला पुस्तकांपर्यंत न्यायचंय.' उत्तर आलं, 'हेच.'

बकुळ वाचवण्यासाठी लिहून ठेवलेला लांबलचक निबंध बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं, 'उतार वाचनालयाच्या मागच्या दाराला करू, म्हणजे बकुळही राहील. तोवर वहिनींना पुस्तकं मी पोचवीन.'

मग बायकोला म्हणाले, "पुस्तकं घेऊन वहिनींकडे जातोय, सोबत ये. समोरासमोर मला बोलायला सुचत नाही."