नऊ हजार पावलं

विमल गेली त्या दिवशी संध्याकाळी कर्जतहून फिजिओच्या मॅडमचा फोन आला. "काका, आज काकूंची नऊ हजार पावलं झाली! कमाल आहे हो त्यांची."

विमलला, माझ्या बायकोला, मल्टिपल स्क्लेरोसिस होता. पायांतली ताकद जात होती, त्याबरोबर विसरणंही वाढत होतं. चालण्याच्या व्यायामाने डोकं तल्लख राहतं का, हे मॅडम वीस पेशंटवर तपासत होत्या. सगळ्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं, आकडा मॅडमच्या मोबाइलवर दिसायचा. दर गुरुवारी त्या फोनवर आठवणीचे प्रश्न विचारायच्या.

दोन महिन्यांत विमलचं चालणं थांबलं. तिनेच घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं.

"अवो, तुमीच घाला. आकडा नाय दिसला तर यादीतनं नाव काढतील माझं. गुरुवारचा फोन बंद झाला, तर मी काय तुमच्याशी बोलत बसू?"

मग मी रोज पळसदरीच्या धरणापर्यंत चालून यायचो. वाटेत कोण भेटलं, काय म्हणालं, ते तिला सांगायचो. तिची उत्तरं सुधारली. मॅडम खूश झाल्या.

त्या दिवशीची नऊ हजार पावलं माझी, दवाखान्यातली आणि मग स्मशानापर्यंतची होती. त्या फोनवर मॅडम पुढे म्हणाल्या, "काकूंचं बघून बाकीचे पेशंटही चालायला लागलेत." मी फक्त हो म्हणालो. गुरुवारी फोन आला, तेव्हा ती झोपली आहे म्हणून सांगितलं.


आज तेरावं झालं. विमल गेली, हे मॅडमना सांगायचं अजून राहिलं आहे.