एकवीस वळणं

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची तीस वर्षं शेजारच्या सीटवर गेली होती. शिकाऊ हातांचा भरवसा नको म्हणून त्या सीटपुढेही एक जादा ब्रेक बसवलेला होता. बायकोने एकटीने गाडी घेऊन बहिणीकडे जायचं काढलं, तेव्हा त्यांनी अट घातली, "अगं, आधी डोंगरमाथ्यापर्यंत चालवून दाखव. माझा ब्रेक एकदाही लागला नाही, तर खुशाल जा."

घाट सुरू झाला. "अहो, दरी बघा तरी, काय सुंदर दिसतेय!" असं ती दर दोन वळणांनी म्हणत होती, पण मास्तरांचा सगळा जीव उजव्या पायात गोळा झाला होता. ब्रेक आज जरा सैल लागत होता खरा, तरी प्रत्येक वळणावर त्यांनी तो दाबला, की गाडी कशी शहाण्यासारखी हळू व्हायची.

माथ्यावर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला. "एकवीस वळणं आणि एकवीस वेळा ब्रेक! मी होतो म्हणून पोचलीस. आता एकटीने जायचं नावसुद्धा काढू नकोस."

तिने शांतपणे हँडब्रेक ओढला.

 

"अहो, तुमच्या बाजूच्या ब्रेकची तार मी कालच मेकॅनिककडून काढून घेतलीय. आता उतरताना तरी दरी बघा."