आठ फरशा

आठवी फरशी आली आणि दिपमालाची पाठ फ्रीजला टेकली. लखीचंद शेठच्या दुकानातल्या फरशाही तिच्या घरच्यासारख्या दोन फुटी होत्या, हे एक बरं झालं. समोरच्या भिंतीवर दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते, एक त्रेचाळीस इंची, एक पन्नास. दोन्हींवर एकच क्रिकेटचा सामना. तिने डोळे बारीक केले. पन्नासवर धावा वाचता येत होत्या, चार बाद एकशे बेचाळीस. त्रेचाळीसवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

“ताई, इतक्या लांबून काय दिसणार? पुढे या ना,” लखीचंद शेठ म्हणाले.

“बरं आहे इथूनच,” ती म्हणाली आणि स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहून डोक्यावरचा पदर नीट केला.

पिंप्राळ्यातल्या तिच्या घरी टीव्हीच्या भिंतीपासून सोफा साडेतीन फरशांवर होता आणि स्वयंपाकघराचं दार आठ फरशांवर. सोफ्यावर तिचा नवरा नवल आणि सासरे कौतिक आबा बसत. दार तिचं. सासऱ्यांसमोर सुनेने बसायचं नाही, असं तिला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ती पिंपळनेरहून लग्न होऊन आली, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहूनच टीव्ही पाहत होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची सवय, सासरे गेले तरी सुटली नव्हती. दिपमाला निमूटपणे त्यांच्या मागे उभी राहिली. पुढे सासूबाई गेल्या आणि अख्खं दार हिच्या वाट्याला आलं. आबाही रीत पाळणारे. सुनेशी थेट बोलत नसत. ती हाताच्या अंतरावर उभी असली तरी म्हणायचे, “नवल, घरमा सांग, चहा ठेवा.”

त्यात बाईला क्रिकेटचं वेड. तीन भावांच्या पाठीवर वाढलेली, दुसरं काय होणार? नवलला चेंडू कुठे गेला हे तिसऱ्यांदा दाखवल्यावरही कळत नसे. ही मात्र कणीक मळता मळता दारातून पुटपुटायची, “आता हा उंच मारणार आणि झेल देणार.” आणि तो इमानेइतबारे द्यायचा. फक्त धावा तेवढ्या तिला दिसत नसत. गेल्या महिन्यात सामना संपला तेव्हा आकडा चुकीचा वाचून तिने खुशीत शिरा केला. आपण हरलो होतो. तो शिरा दोन दिवस पुरला.

जुन्या टीव्हीने मान टाकली त्याच दिवशी तिने ठरवलं, आता पन्नासच. नवलने मोबाईलवर वाचून आपलं गणित मांडलं होतं. सोफा सात फुटांवर, म्हणजे त्रेचाळीस पुष्कळ झाला. खरं कारण सांगावं, तर तो म्हणाला असता, मग ये की आत आणि बस. त्याचं बोलायला काय जातं? आबांसमोर बसायची पाळी तिच्यावर येणार होती. म्हणून तिने पंधरा दिवस बाकीची सगळी कारणं वापरली. भिंत उघडी दिसते म्हणाली. पाहुणे आले की दाटी होते म्हणाली. शेवटी शेजारच्या रूपाकडे पन्नास आहे म्हणाली, तेव्हा कुठे नवल जरा हलला.

आता दुकानात तो दोन्ही टीव्हींकडे आलटून पालटून पाहत होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती फ्रीजला पाठ लावून अशी उभी होती की जणू पन्नास घेतल्याशिवाय फ्रीजही हलणार नव्हता.

“बरं बाई,” तो म्हणाला. “शेठ, पन्नास काढा.”

दिपमालाला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिने फ्रीजचं दार उघडून उगाच आत पाहिलं.

तेवढ्यात स्टुलावर बसलेले आबा उठले. ते मघापासून टीव्ही पाहतच नव्हते, फरशा मोजत मागे जाणाऱ्या सुनेला पाहत होते. ते भिंतीशी गेले आणि तिथून एकेक फरशी मोजत मागे आले. दिपमाला लगबगीने बाजूला झाली. आठव्या फरशीवर ते थांबले. कपाळावर हात धरून त्यांनी आधी एक टीव्ही पाहिला, मग दुसरा. बराच वेळ पाहिला. आबांना कळलं होतं. आता पन्नासाला देवही अडवू शकत नव्हता.

आबा पुढे गेले.

“शेठ, तो लहान बांधी द्या. त्रेचाळीसवाला.”

नवल बघतच राहिला. लखीचंद शेठने एवढ्या वर्षांत एकही मोठं गिऱ्हाईक असं हातचं जाऊ दिलं नव्हतं. “आबा, घ्या ना पन्नास,” ते म्हणाले. “लांबून बघायला बरा पडतो.”

“लांबून देखाले आमना घर कोण शे?”

दिपमालाला रडू आलं नाही, राग आला. अकरा वर्षं ती त्या दारात उभी होती. ह्या माणसाला तिच्या हातच्या मोजून दोन भाकरी लागतात, वर तिखट ठेचा लागतो, आणि घरातली माणसं मोजायला बसला तर ती त्यात धरलेलीसुद्धा नाही. तिने फ्रीजचं दार जरा जोरातच लावलं.

त्या आवाजाने आबा मागे वळले. नवल मध्येच उभा होता. त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं.

“दिपमाला,” ते म्हणाले, “तू आतेपासून सोफावर बसजो.”