अडलेला शब्द

सरांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सर म्हणजे परदेशी भाषेच्या क्लासचे मालक. समोर नव्या बॅचमध्ये उरलेल्या बावीस नर्स, सगळ्या परदेशी नोकरीला निघालेल्या. तिसऱ्या धड्यालाच निम्म्याजणी मेटाकुटीला आल्या होत्या, चौघींनी तर क्लास सोडलाच. तिकडे पोचलेल्या एखादीचा आवाज ऐकला की मुलींना हुरूप येईल, असं सरांचं म्हणणं. शिकवणाऱ्या मॅडमनाही ते पटलं होतं. पंधरा वर्षं तीच भाषा शिकवून त्यांचा स्वतःचा हुरूप अलीकडे असल्या फोनांवरच तगून होता.

पलीकडून चिमणी बोलत होती. गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी. आवाज बारीक म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

"खोली छान आहे. खिडकीतून बाग दिसते. सगळं छान आहे."

सर मुलींकडे बघून मान डोलावू लागले.

"मॅडम, एक शब्द अडलाय. आपल्या पुस्तकात नाहीये."

"विचार की."

"इथे एक आजोबा आहेत. मी अंग पुसायला गेले की रोज मला तो शब्द म्हणतात. त्यांचा मुलगा शेजारी बसून हसतो." आणि तिने तो शब्द उच्चारला. स्वच्छ, मॅडमनी घोटून घेतला होता तशा उच्चारात.

मॅडमनी तो लगेच ओळखला. शिकायला म्हणून त्या तिकडे वर्षभर राहिल्या होत्या, तेव्हा एकदा बसमध्ये हाच शब्द मागून त्यांच्या कानावर आला होता. अर्थ कुणाला विचारावा लागला नव्हता.

सर बघत होते. बावीसजणी बघत होत्या.

"तिकडच्या खेड्यातला शब्द असेल गं," मॅडम म्हणाल्या. "मला नाही माहीत."



"तुम्हाला माहीत नाही म्हणजे मग तोच अर्थ असणार," चिमणी म्हणाली. "मला वाटलंच होतं. ठेवते मॅडम, ड्यूटी आहे."

फोन बंद झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग मुलींनीही वाजवल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. नवा शब्द कानावर पडला की लगेच उतरवून घ्यायचा, ही मॅडमचीच शिस्त.

"मॅडम, स्पेलिंग बरोबर आहे ना?"

मॅडमनी वहीतला तो शब्द वाचला. मग त्यांनी लाल पेन उघडलं आणि एक अक्षर दुरुस्त केलं.